आठ जणांची बैठक: तितांसची 'आकूस्तिको एमटीव्ही'

१९९७ च्या मार्च महिन्यात रिओ दि जानेरोच्या जुआंव काएतानो नाट्यगृहात साओ पाउलोचा तितांस हा रॉक बँड विजेवरच्या गिटारी बाजूला ठेवून श्रोत्यांपुढे बसला. त्या मैफलीची जी ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली, ती या बँडच्या चाळीस वर्षांहून मोठ्या वाटचालीत सर्वाधिक खपली. 'आकूस्तिको एमटीव्ही' (आकूस्तिको म्हणजे विजेवरच्या वाद्यांशिवाय, आणि एमटीव्ही ही संगीतवाहिनी) या नावाच्या या ध्वनिमुद्रिकेच्या पंधरा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि एवढ्या खपामुळेच तिच्यावर एक ठपका कायमचा बसला: धारदार बँड इथे बोथट झाला. गेले काही आठवडे मी ही ध्वनिमुद्रिका शब्दकोश हाताशी ठेवून पुन्हा पुन्हा ऐकली. हा ठपका अर्धाच खरा आहे, असे माझे मत झाले आहे. तितांसचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मराठी श्रोत्याने पहिल्यांदा याच ध्वनिमुद्रिकेपाशी यावे, असेही मला वाटते, आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

उच्चाराविषयी एक गोष्ट आधीच सांगतो. लिहिताना 'तितांस' असे लिहिले तरी साओ पाउलोचा माणूस ते 'चितांस' असे उच्चारतो, कारण तिथल्या पोर्तुगीजमध्ये 'ति' चा 'चि' होतो. पोर्तुगीज ही आपल्याला अगदी परकी भाषा नाही. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द त्याच भाषेतून आपल्याकडे आले आणि घरचे होऊन बसले. तरीही गोव्याच्या जुन्या पिढीच्या तोंडची पोर्तुगीज ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ब्राझीलची पोर्तुगीज वेगळ्या चालीची वाटेल. तिथे स्वर मोकळे सुटतात आणि शब्दांच्या अंती येणारे सानुनासिक सूर लांबतात. 'तेलेविझांव' हा शब्द गाण्यात येतो तेव्हा त्याचे शेवटचे अक्षर कोकणीच्या कानाला लगेच ओळखीचे वाटते.

आता बँडविषयी. यातले बहुतेक जण साओ पाउलोच्या कोलेजिओ एकिपे या शाळेच्या परिसरात एकमेकांना भेटले. १९६४ पासून चाललेली लष्करी राजवट तेव्हा थकत चालली होती, पण संपली नव्हती. सेर्जिओ ब्रितोचे वडील आल्मिनो आफोन्सो हे लष्करी उठावापूर्वीच्या सरकारात कामगारमंत्री होते, आणि त्यामुळे सेर्जिओच्या बालपणाचा काही काळ चिलीमध्ये, वडिलांच्या परागंदा जीवनात गेला. हा तपशील लक्षात ठेवला की पुढे या बँडच्या गाण्यांत राज्यसत्ता, पोलीस आणि चर्च यांच्याविषयी जो राग येतो, तो उसना वाटत नाही. १९८२ मध्ये 'तितांस दो ये-ये' या नावाने त्यांनी सेस्क पोंपेया येथे कार्यक्रम केला. जुन्या कारखान्याच्या इमारतीत वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी उभे केलेले ते सांस्कृतिक केंद्र त्याच वर्षी खुले झाले होते. सुरुवातीला हे नऊ जण होते. सिरो पेसोआ लवकरच बाहेर पडला. ढोलवादक आंद्रे युंग याच्या जागी १९८५ च्या सुमारास चार्ल्स गॅविन आला, आणि आठ जणांचा तो संच स्थिर झाला, ज्याला आजही लोक 'खरा तितांस' म्हणतात: आर्नाल्दो आंतुनेस, ब्रांको मेलो, चार्ल्स गॅविन, मार्सेलो फ्रोमेर, नांदो रेइस, पाउलो मिक्लोस, सेर्जिओ ब्रितो आणि टोनी बेलोतो.

आठ जणांच्या या संचाची गंमत अशी की त्यात मुख्य गायक नाही. आर्नाल्दो, ब्रांको, नांदो, पाउलो आणि सेर्जिओ हे पाचही जण आळीपाळीने पुढे येऊन गातात, आणि जो गात नाही तो मागे जाऊन कोरसमध्ये मिसळतो. आपल्याकडच्या कीर्तनात बुवा पुढे आणि टाळकरी मागे हे ठरलेले असते. इथे दर गाण्याला बुवा बदलतो आणि कालचा बुवा आज टाळ धरून ध्रुवपद म्हणतो, अशी ती व्यवस्था आहे. गाणीही बहुधा दोघातिघांनी मिळून लिहिलेली असतात. त्यामुळे एकाच ध्वनिमुद्रिकेत पाच स्वभाव ऐकू येतात. आर्नाल्दोचा खर्जातला, मोजून शब्द टाकणारा आवाज, ब्रांकोचा खरबरीत उद्गार, नांदोचा किंचित चिरका पण मनापासून निघणारा सूर, पाउलोची नाट्यगुणी फेक आणि सेर्जिओची आरोळी हे पाच सूर इतके वेगळे आहेत की दोन दिवस ऐकल्यावर नाव न वाचताही माणूस ओळखता येतो.

१९८४ ची पहिली ध्वनिमुद्रिका आणि तिच्यातले 'सोनिफेरा इल्या' हे गाजलेले गाणे, त्यानंतर लुलू सांतोस याच्या निर्मितीत आलेली १९८५ ची 'तेलेविझांव', या दोहोंवर मी फार रेंगाळणार नाही. चांगली गाणी त्यांत आहेत, पण बँडला आपला आवाज अजून सापडलेला नव्हता. तो सापडला १९८६ मध्ये. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात टोनी बेलोतो आणि आर्नाल्दो आंतुनेस यांना हेरॉईनच्या प्रकरणात अटक झाली होती, आर्नाल्दोला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले, आणि त्यानंतर बँड स्टुडिओत गेला तो 'काबेसा दिनोसाउरो' करण्यासाठी. लिमिन्या या निर्मात्याच्या हाताखाली रिओच्या 'नास नुवेंस' स्टुडिओत ही ध्वनिमुद्रिका झाली. १३ गाणी, बहुतेक छोटी, आणि मुखपृष्ठावर लिओनार्दो दा विंचीने रेखाटलेला, तोंड वासून ओरडणारा पुरुषाचा चेहरा. पोलिसांवर, चर्चवर, राज्याच्या हिंसेवर, भांडवलशाहीवर एकेक गाणे थेट हल्ला चढवत होते. 'बिशोस एस्क्रोतोस' या गाण्यात शिवी असल्यामुळे सेन्सॉरने त्याच्या प्रसारणावर बंदी घातली, तरीही काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवले. नागरी सरकार १९८५ मध्ये आले असले तरी सेन्सॉरशिप १९८८ च्या राज्यघटनेने संपली, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

१९८७ ची पुढची ध्वनिमुद्रिका, १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंत्रोच्या संगीत महोत्सवातील थेट मुद्रण, १९८९ ची 'ओ ब्लेस्क ब्लोम', अशी ही चढण होती. १९९२ मध्ये आर्नाल्दो कविता आणि स्वतःचे संगीत यांसाठी बाहेर पडला. उरलेल्या सातांनी १९९३ मध्ये सिअॅटलच्या जॅक एन्डिनोला, म्हणजे 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडची पहिली ध्वनिमुद्रिका ज्याने मुद्रित केली त्या माणसाला बोलावून 'तितानोमाकिया' ही अत्यंत जड, कर्कश ध्वनिमुद्रिका केली. तिचे मोल आज मानले जाते, पण त्या वेळी मोठा श्रोतृवर्ग तिच्यापासून लांब राहिला. १९९५ ची 'दोमिंगो' काहीशी अडखळतच आली.

म्हणजे १९९७ मध्ये नाट्यगृहात जे सात जण बसले, ते यशाच्या शिखरावरून बसले नव्हते. त्या पिढीतले दोन मोठे गायक, काझुझा १९९० मध्ये आणि रेनातो रूसो १९९६ मध्ये, हे जग सोडून गेले होते. ब्राझीलच्या रॉकचा काळ सरला असे बोलले जात होते. दुसरीकडे १९९४ च्या मध्यात आलेल्या 'रेआल' या नव्या चलनाने, महिन्याला चाळीस टक्क्यांहून वर गेलेली महागाई आटोक्यात आणली होती, आणि सामान्य माणसाच्या हातात सीडी विकत घेण्याइतके पैसे राहू लागले होते. या ध्वनिमुद्रिकेच्या खपामागे केवळ तिचा गोडवा होता असे म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही विचारात घ्यावी.

निर्माता पुन्हा लिमिन्याच होता, आणि तंतुवाद्यांच्या रचनेचे काम जाक मोरेलेनबाउम या चेलोवादकाकडे होते. लिमिन्याच्या निवडीला इतिहासाची एक जोड आहे. साठच्या दशकात ब्राझीलमध्ये रॉकला स्वतःची भाषा देणाऱ्या 'ओस मुतांतेस' या बँडमध्ये तो पुढे बास वाजवत असे, आणि त्याच बँडची गायिका रीता ली या मैफलीत पाहुणी म्हणून आली आहे. अशा रीतीने साओ पाउलोच्या रॉकची मागची पिढी एका निर्मात्याच्या आणि एका गायिकेच्या रूपाने या मंचावर हजर आहे.

ध्वनिमुद्रिका 'कोमिदा' या गाण्याने उघडते. कोमिदा म्हणजे अन्न. आम्हाला नुसते खायला-प्यायला नको, कला हवी, आनंद हवा, इथून बाहेर पडण्याची वाट हवी, अशी मागणी करणारे हे १९८७ चे गाणे मूळ रूपात ठोक्यावर चालते, जवळजवळ घोषणेसारखे. इथे तेच शब्द लाकडी गिटारींवर येतात आणि घोषणेचा प्रश्न होतो: तुला भूक कसली आहे? या बदलात धार गेली का? मला तसे वाटत नाही. मोर्चात ओरडलेली मागणी आणि समोर बसून डोळ्यांत पाहत विचारलेली मागणी यांत दुसरी अधिक अवघड जाते. हे गाणे लिहिणाऱ्यांपैकी एक मार्सेलो फ्रोमेर होता, आणि त्याने पुढे खाद्यपदार्थांवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याचे नावही याच प्रश्नावरून ठेवले.

माझ्या मते या मैफलीचे खरे हृदय 'ओ पुल्सो' या गाण्यात आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. १९८९ च्या या गाण्याचे शब्द म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे आजारांची यादी आहे. प्लेग, क्षय, कर्करोग, गोवर, धनुर्वात, घटसर्प, एकामागून एक, कोणत्याही क्रियापदाशिवाय. ऐकणारा त्या लयीला सरावला की यादीत हळूच वेगळी नावे मिसळू लागतात: मूर्खपणा, मत्सर, ढोंग, अपराधभाव. ती रोगांच्याच सुरात, त्याच वजनाने म्हटली जातात, कुठेही बोट दाखवले जात नाही. मध्येमध्ये एकच वाक्य परत येते की नाडी अजून चालू आहे. पोर्तुगीजमध्ये नाडी, ठोका पडणे, शरीर आणि 'थोडे' हे चारही शब्द ओठांवर फुटणाऱ्या 'प' भोवती फिरतात, त्यामुळे अर्थ कळण्याआधीच कानाला ठोका ऐकू येतो. ब्राझीलमधील मूर्तकवितेच्या, म्हणजे शब्दांच्या नादाशी आणि आकाराशी खेळणाऱ्या कवितेच्या, परंपरेत वाढलेल्या आर्नाल्दोची ही हातोटी आहे.

आणि इथे हे गाणे गायला स्वतः आर्नाल्दो आला आहे. पाच वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला माणूस परत येऊन, बाकीच्या सातांच्या मध्ये उभा राहून, नाडी अजून चालू असल्याचे सांगतो तेव्हा त्या शब्दांना जो अर्थ येतो, तो १९८९ च्या मुद्रणात नव्हता. आठही जण इथे पुन्हा एकत्र ऐकू येतात. विद्युत गिटारींच्या भिंतीमागे त्याचा खर्ज जसा अर्धा बुडत असे, तसा इथे बुडत नाही. प्रत्येक रोगाचे नाव सुटे, स्वच्छ, एखाद्या डॉक्टरने केसपेपर वाचावा तसे पडते. आवाज खाली आणल्याने शब्दांना जागा मिळाली, हे माझे या ध्वनिमुद्रिकेविषयीचे मुख्य म्हणणे, आणि ते पटवायला हे एक गाणे पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण 'प्रा दिझेर आदेउस' चे. निरोप घ्यायला फार लवकर तरी असते किंवा फार उशीर तरी, अशा आशयाचे हे नांदो आणि टोनीचे गाणे १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेत आधीच होते, पण तिथे ते बाकीच्या गाण्यांच्या गर्दीत दबून गेले होते. बारा वर्षांनी मोरेलेनबाउमच्या तंतुवाद्यांच्या साथीने पाउलो मिक्लोसने ते गायले आणि ब्राझीलभर ते जणू नवेच गाणे असावे तसे गाजले. मिक्लोसच्या गळ्याचा उपयोग इथे पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला तो जवळजवळ बोलतो. ध्रुवपदाशी आवाज वर नेतो, आणि तंतुवाद्ये नेमकी तेव्हाच त्याच्याखाली येतात, आधी नाही. सिनेमातल्या अभिनयासाठी तो पुढे ओळखला गेला, आणि त्याची बीजे मला या गाण्यात दिसतात. टीकाकारांनी गोडव्यावर बोट ठेवले ते मुख्यतः याच गाण्यावरून. गोडवा आहे, हे मी मान्य करतो, पण तो चालीतच होता, वरून ओतलेला नाही.

'फामिलिया' या गाण्यात नांदो रेइस घरातली रोजची दृश्ये सांगतो: सगळ्यांनी मिळून जेवण्याची न सुटणारी सवय, बाबा, आई, मावशी, आजी, घर सोडू पाहणारी मुलगी. हे गाणे मुळात त्या रागीट 'काबेसा दिनोसाउरो' मध्येच होते, रेगेच्या ठेक्यावर. पोलीस, चर्च आणि राज्य यांच्या रांगेत कुटुंबालाही एक संस्था म्हणून उभे करणे ही त्या मूळ योजनेतली धीट गोष्ट होती. इथे शेजारी ती रांग नसल्यामुळे गाणे अधिक प्रेमळ ऐकू येते. ऐकायला सुखद आहे, पण मूळ ठिकाणी त्याला जो चिमटा होता तो इथे हरवला आहे. नांदोचेच 'ओस सेगोस दो कास्तेलो' हे या मैफलीसाठी आणलेल्या नव्या गाण्यांपैकी एक. खोटे बोलणे आणि दुसऱ्याला टोचणारे काटे वापरणे आता पुरे, असे स्वतःशीच ठरवणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे, आणि नांदो पुढे एकट्याने जी वाट चालला तिची दिशा त्यात स्पष्ट दिसते. 'मार्विन' हे मूळ अमेरिकन गाण्याचे रूपांतर असून, बापाच्या मृत्यूनंतर शेतीचा आणि घराचा भार अंगावर पडलेल्या मुलाची कथा त्यात आहे. त्या कथेला भाषांतराची गरज नाही, विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला तर मुळीच नाही.

पाहुण्यांची निवड एकंदरीत विचारपूर्वक आहे. जमैकाचा रेगे गायक जिमी क्लिफ आपल्याच गाण्याच्या पोर्तुगीज रूपांतरात, 'केरेम मेऊ सांगे' मध्ये सहभागी होतो. हे रूपांतर बँडने १९८४ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत घेतले होते, त्यामुळे मूळ धन्याने तेरा वर्षांनी येऊन त्यावर शिक्का मारावा तसे ते वाटते. अर्जेंटिनाचा गायक फितो पाएझ येतो, गायिका मरिसा मोंचे 'फ्लोरेस' मध्ये येते आणि ब्रांकोच्या खरबरीत आवाजाशेजारी तिचा नितळ सूर फार शोभून दिसतो. रीता ली 'तेलेविझांव' मध्ये येते. टीव्हीसमोर बसून बुद्धी मंदावलेल्या मुलाच्या या गाण्यात रोनाल्द गोलियास या विनोदी नटाचे टीव्हीवरचे प्रसिद्ध पालुपद उचललेले आहे, आणि संगीतवाहिनीसाठी केलेल्या मुद्रणात हेच गाणे निवडावे यात बँडचा प्रामाणिकपणा दिसतो.

आता माझी तक्रार, आणि ती मी मनापासून करतो. 'पोलिसिया' आणि 'बिशोस एस्क्रोतोस' ही दोन गाणी इथे पूर्ण नाहीत, फक्त झलक म्हणून येतात. झलक संपते, टाळ्या होतात आणि पुढचे गाणे सुरू होते. ज्या गाण्यांनी बँडला बँड केले, ज्यांतल्या एकावर सरकारने बंदी घातली, ती अशी तोंडी लावण्यापुरती वाढणे मला पटत नाही. ही गाणी लाकडी गिटारीवर पूर्ण होत नसतील तर ती वगळायला हवी होती. होत असतील तर पूर्ण करायला हवी होती. ठपका ठेवणाऱ्यांचे अर्धे खरे आहे असे मी वर म्हटले ते याच कारणासाठी. शिवाय वीसहून अधिक तुकड्यांची ही मैफल मध्यावर लांबते. 'आ मेल्योर फोर्मा' सारखी नवी गाणी वाईट नाहीत, परंतु जुन्यांच्या शेजारी ती फिकी पडतात.

या यशाने बँडचे काही नुकसानही केले. पुढच्याच वर्षी आलेली 'व्होलुमे दोइस' हा त्याच पाककृतीने काढलेला दुसरा घाणा होता, आणि १९९९ ची, इतरांच्या गाण्यांची 'आस देझ माइस' तर मला आजही निरुत्साही वाटते. ब्राझीलच्या इतर बँडांनी आणि गायिकांनीही हा मार्ग धरला. रीता ली, पारालामास, कापितल इनिसियाल, कासिया एलेर अशी आकूस्तिको ध्वनिमुद्रिकांची रांगच पुढच्या चार वर्षांत लागली. त्यांतल्या काही फार चांगल्या आहेत, पण त्या सगळ्यांचा दरवाजा या मैफलीने रुंद केला हे मान्य करावे लागते.

आणि मग २००१ चा जून. नव्या ध्वनिमुद्रिकेच्या कामाला हात घालण्याच्या बेतात असताना मार्सेलो फ्रोमेर साओ पाउलोच्या रस्त्यावर धावण्याचा व्यायाम करत होता, तेव्हा एका मोटारसायकलने त्याला धडक दिली. दोन दिवसांनी, १३ जूनला तो गेला. वय ३९. बाकीचे स्टुडिओत गेले, आणि त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेतले सेर्जिओ ब्रितोचे 'एपिताफियो', म्हणजे समाधीलेख, हे गाणे देशाने फ्रोमेरच्या नावाने डोक्यावर घेतले, जरी ते त्याच्या मृत्यूच्या आधीच लिहिलेले होते. २००२ मध्ये नांदो, २०१० मध्ये चार्ल्स गॅविन, २०१६ मध्ये पाउलो मिक्लोस बाहेर पडले. ब्रांको, सेर्जिओ आणि टोनी या तिघांनी बँड चालू ठेवला, २०१८ मध्ये रॉक ऑपेराही केला. मधल्या काळात ब्रांकोला घशाच्या कर्करोगाने गाठले आणि त्याचा तो खरबरीत आवाज शस्त्रक्रियेने कायमचा बदलला. २०२३ मध्ये हयात असलेले सातही जण 'एन्कोन्त्रो', म्हणजे भेट, या नावाच्या दौऱ्यासाठी एकत्र आले. साओ पाउलोचे मोठे फुटबॉल मैदान त्यांनी भरवले, आणि फ्रोमेरच्या जागी गिटार धरायला लिमिन्या उभा राहिला. फ्रोमेरची मुलगी आलिसे त्या मंचावर गायली. तो दौरा चालू असतानाच, ८ मे २०२३ रोजी, रीता ली गेली.

हे सगळे माहीत झाल्यावर १९९७ ची मैफल ऐकताना कान आपोआप गिटारींकडे वळतो. फ्रोमेर गायक नव्हता. पुढे येऊन त्याने लोकांना जिंकले नाही. विद्युत गिटारींच्या काळात त्याचे वादन टोनीच्या वादनात मिसळून जात असे. इथे दोन लाकडी गिटारी सुट्या ऐकू येतात, आणि ठेका धरून ठेवणारा, स्वतःकडे लक्ष न वेधणारा हात किती मोलाचा असतो ते कळते. त्याला ऐकण्यासाठी मला तरी याहून चांगली जागा सापडलेली नाही.

घ्यावी की नाही, याचे माझे उत्तर स्पष्टपणे होय असे आहे. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, टाळ्यांचा आवाज गाण्यांवर चढत नाही, तंतुवाद्ये आणि गिटारी यांचा तोल चांगला राखलेला आहे, आणि साध्या हेडफोनवरही पाच गळ्यांतले फरक नीट कळतात. पहिल्यांदा शब्दांकडे न पाहता ऐकावी आणि केवळ आवाज ओळखायला शिकावे. दुसऱ्यांदा 'ओ पुल्सो', 'कोमिदा' आणि 'मार्विन' यांचे शब्द समोर ठेवून ऐकावे. तिसऱ्यांदा 'पोलिसिया' ची ती अर्धी झलक आली की ध्वनिमुद्रिका तिथेच थांबवावी, १९८६ ची 'काबेसा दिनोसाउरो' काढून मूळचे ते दोन मिनिटांचे गाणे आवाज वाढवून लावावे, आणि ते संपले की परत येऊन मैफल पुढे सुरू करावी.